रक्तातील अक्षरांचे वाचन

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? घरात मूल जन्माला आले की बारशाच्या आधीच त्याच्या नाकाडोळ्यांची वाटणी सुरू होते. नाक आजोबांचे, डोळे आईचे, कपाळ थेट आत्याचे! माझे माहेर कारवारकडील. घरची बोली कोंकणी. बोली निराळी असली तरी पाळण्याभोवतीची ही वाटणी तेथेही अशीच चालते. अनुवंशाचा हा विचार माणूस फार पुरातन काळापासून करीत आला आहे; परंतु तो बहुतांशी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपुरता. जे डोळ्यांना दिसत नाही आणि तरीही आईबापांकडून मुलांकडे जाते, त्याचे काय?

हा प्रश्न मला स्वतःला सुचलेला नाही. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मराठीच्या तासाला ही म्हण मी फळ्यावर लिहिली, तेव्हा एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “बाई, माझ्या धाकट्या भावाला दर महिन्याला रक्त चढवावे लागते. डॉक्टर म्हणतात, हा आजार आईबाबांकडून आला. पण आईबाबा तर धडधाकट आहेत. मग खाण चांगली आणि माती तेवढी वाईट, असे कसे?” वर्ग एकदम शांत झाला. मी कलाशाखेची पदवीधर. व्याकरण व काव्य यांपलीकडे माझी धाव नाही. “विचारून सांगते,” एवढेच मी म्हणाले. तास संपल्यावर तिने मला एकटीला गाठून आणखी एक गोष्ट सांगितली. घरातील आजी म्हणत असे, “आमच्या घराण्यात असले काही नव्हते, हे सुनेच्या माहेरचे देणे आहे.” आणि आई ते मुकाट्याने ऐकून घेत असे. प्रश्न केवळ शास्त्राचा नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले. (त्या मुलीच्या व तिच्या आईच्या संमतीनेच मी हे येथे लिहीत आहे.)

सुदैवाने आपल्या विद्यालयातून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी मुंबईस जनुकीय तपासणीच्या एका प्रयोगशाळेत रेण्वीय जीवशास्त्राची शास्त्रज्ञ म्हणून काम करते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. वरिष्ठांची परवानगी काढून तिने मला एक दिवस तेथील काम दाखविले. बरेचसे काचेच्या भिंतीबाहेरून, कारण आत बाहेरच्या माणसास मज्जाव असतो. तेथे जे पाहिले व तिच्याकडून जे समजून घेतले, ते आपणां सर्वांपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या पोटात एक केंद्रक असते व त्यात ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली व २३ वडिलांकडून आलेली. गुणसूत्र म्हणजे डीएनए नामक अतिसूक्ष्म धाग्याची घट्ट गुंडाळी. एका पेशीतील सारा धागा उलगडून सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरेल! या धाग्यावर ए, टी, जी व सी अशा चारच रासायनिक अक्षरांची ओळ असते. आईवडिलांकडून आलेल्या प्रत्येक संचात अशी तीनशे कोटींहून अधिक अक्षरे आहेत. आपल्या बाराखडीच्या मानाने चार अक्षरे ती काय! पण त्या चारांच्या क्रमातच शरीराने कोणता पदार्थ कसा घडवावा, याची आज्ञा लिहिलेली असते. अशा एका आज्ञेएवढा तुकडा म्हणजे एक जनुक.

आपले शहापूर हे मागांचे गाव असल्यामुळे ही गोष्ट समजण्यास आपणांस परक्या उदाहरणाची गरज नाही. नक्षी विणणाऱ्या मागावर जकार्ड नावाचे यंत्र बसविलेले असते व त्यावरून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. पुठ्ठ्यात जेथे भोक, तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नाही, तेथे तो खालीच राहतो. धोटा इकडून तिकडे धावतो व हळूहळू पदरावर मोर उमटतो. मोर धोट्यात नसतो, रेशमात नसतो; तो पुठ्ठ्यांत असतो. आता समजा, एका पुठ्ठ्यावरचे एक भोक चुकून भलत्याच जागी पडले. विणकर कितीही कुशल असो व रेशीम कितीही उंची असो, त्या माळेवर विणलेल्या प्रत्येक साडीत मोराचे तेच पीस त्याच जागी तुटेल. जनुकातील एका अक्षराची चूक ही अशीच असते.

मात्र निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. प्रत्येक नक्षीसाठी त्याने आपणांस पुठ्ठ्यांच्या दोन माळा दिल्या आहेत, एक आईची व एक वडिलांची. पुष्कळ बाबतींत एक माळ सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. अशा माणसाला काहीही त्रास होत नाही. आपल्यापाशी एक सदोष माळ आहे हे त्याला आयुष्यभर कळतही नाही. शास्त्रात त्याला ‘वाहक’ म्हणतात. दोन वाहकांचा विवाह झाला, आणि त्यांच्या मुलाकडे दोघांचीही नेमकी सदोष माळच आली, म्हणजे मात्र त्या मुलापाशी निर्दोष माळ एकही उरत नाही. खाण धडधाकट आणि माती आजारी, याचे कोडे येथे उलगडते.

अनुवंशाचे हे दुहेरी गणित आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो या गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग करून मांडले व १८६६ साली प्रसिद्ध केले. डीएनएची पिळदार शिडीसारखी रचना १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी उलगडली. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीने घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता. डीएनएमधील अक्षरांचा अर्थ कसा लावावयाचा, हे शोधण्यात अविभाजित पंजाबात जन्मलेले हरगोविंद खोराना अग्रेसर होते व त्याबद्दल १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका अक्षराच्या चुकीने केवढा अनर्थ होतो, हे सिकलसेल या रक्तरोगावरून उत्तम कळते. विदर्भात व नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत हा रोग पुष्कळ आढळतो. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या जनुकात केवळ एका जागी ए ऐवजी टी हे अक्षर येते. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्याप्रमाणे वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व रुग्णास असह्य वेदना होतात.

आमच्या विद्यार्थिनीचा भाऊ ज्या रोगाने आजारी आहे, तो थॅलेसेमिया. यातही हिमोग्लोबिनचेच जनुक बिघडलेले असते. ते अकराव्या गुणसूत्रावर आहे. भारतात जी चूक सर्वांत अधिक आढळते, तीत एका ठरावीक जागी जी ऐवजी सी पडलेला असतो. त्यामुळे आज्ञेचे तुकडे नीट जोडले जात नाहीत व हिमोग्लोबिनचा एक घटक अत्यल्प तयार होतो. मूल जन्मतः ठीक दिसते. पण काही महिन्यांत ते फिकट पडू लागते व पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते. वारंवार दिलेल्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साठते, म्हणून ते बाहेर काढणारी औषधेही रोज घ्यावी लागतात. अस्थिमज्जेचे रोपण हा उपाय आहे, परंतु तो खर्चाचा असून त्यासाठी जुळणारा दाता मिळावा लागतो. आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास मुले हा रोग घेऊन जन्मास येतात.

रक्त व अनुवंश यांच्या अभ्यासात आपल्या मुंबईचे नाव जगभर घेतले जाते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची हकीकत प्रसिद्ध केली. मुंबईत अशा काही व्यक्ती आढळल्या होत्या की, साध्या तपासणीत त्यांचे रक्त ‘ओ’ गटाचे भासे, परंतु ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना जुळत नसे. हाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने प्रसिद्ध झाला. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा तो असतो व अशा व्यक्तीस त्याच गटाचे रक्त लागते. ए, बी व ओ या गटांचा पाया घालणारा ‘एच’ नावाचा पदार्थ या व्यक्तींच्या रक्तात तयारच होत नाही; त्याचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून दोन्ही माळा सदोष आल्या म्हणजे हा प्रकार होतो, हे १९९० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. यातून एक नाजूक गोष्टही निष्पन्न होते. ‘ओ’ गटाच्या आईला ‘एबी’ गटाचे मूल होत नाही, असा सामान्य नियम आहे. पण ‘ओ’ भासणारी आई वस्तुतः बॉम्बे गटाची असेल तर असे मूल होऊ शकते. अर्धवट ज्ञानाने एखाद्या निरपराध स्त्रीवर केवढा संशय येऊ शकला असता, याची कल्पना करावी!

१९५७ साली मुंबईतच परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. तेच वाढत वाढत आजची राष्ट्रीय रक्त व प्रतिकारशक्तीविषयक संशोधन संस्था बनले आहे. थॅलेसेमिया व सिकलसेल यांची जनुकीय तपासणी व गर्भावस्थेतील निदान यांत या संस्थेने पुष्कळ वर्षे काम केले आहे. आपले बेळगावही अशा विद्येला आता परके राहिलेले नाही. २००६ साली येथे त्याच परिषदेची संस्था स्थापन झाली व २०२० च्या कोरोनाच्या साथीत तेथील प्रयोगशाळेत घशातील व नाकातील नमुने ज्या रीतीने तपासले गेले, ती पीसीआरची रीत म्हणजे या शास्त्राचेच एक हत्यार होय.

आता प्रयोगशाळेत जाऊ. माझी विद्यार्थिनी सकाळी आल्या आल्या पांढरा अंगरखा व हातमोजे चढविते. पहिले काम मात्र यंत्रावरचे नसते. ते वाचनाचे असते. जांभळ्या बुचाच्या छोट्या नळ्यांतून रक्ताचे नमुने आलेले असतात. प्रत्येक नळीवरील नाव, वय, क्रमांक व सोबतच्या कागदावरील मजकूर ती अक्षर न् अक्षर ताडून पाहते. यात एवढे काय आहे, असे मी विचारले. तेव्हा तिने एक प्रसंग सांगितला. बाहेरगावच्या एका संकलन केंद्राकडून एकाच घरातील दोघी जावांचे नमुने आले होते. दोघींचे आडनाव एक व नावाचे आद्याक्षरही एक. त्यांतील एक गर्भवती होती. एका नळीवरील जन्मतारीख कागदाशी जुळेना. हिने तपासणी थांबविली व दोघींचे रक्त पुन्हा मागविले. घरची मंडळी रागावली; आठवडा फुकट गेला असे त्यांना वाटले. पुन्हा आलेल्या नमुन्यांवरून कळले की, पहिल्या खेपेस नळ्या खरोखरच बदलल्या होत्या व दोघींपैकी एकच वाहक होती. “बाई,” ती मला म्हणाली, “यंत्र कधी चुकत नाही असे लोक म्हणतात. पण चुकीच्या नळीतले रक्तही यंत्र अगदी बरोबर वाचते!”

दुसरी पायरी म्हणजे रक्तातून डीएनए वेगळा करणे. येथे एक गंमत आहे. रक्ताचा लाल रंग ज्यांमुळे येतो त्या पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसते. म्हणून डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. पेशी फोडावयाच्या, त्यांतील प्रथिने पाचक द्रव्याने विरघळवावयाची व शेवटी डीएनए वेगळा करून स्वच्छ धुवावयाचा. पूर्वी मद्यार्क घालून त्याचे पांढरे तंतू बाहेर काढीत. आता पुष्कळ ठिकाणी तयार गाळण्या किंवा चुंबकी कण वापरतात. विद्यार्थी मित्रहो, ही जुनी रीत आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहता येईल. पिकलेले केळे कुस्करून त्यात मीठ व भांडी घासण्याचा द्रवरूप साबण घातलेले पाणी मिसळावे, ते गाळावे व वरून बर्फात थंड केलेले स्पिरिट कडेने हळूच सोडावे. थोड्या वेळाने दोन थरांच्या मध्ये कापसासारखे पांढरे धागे तरंगू लागतात. तो केळ्याचा डीएनए! स्पिरिट पेट घेणारे असते, तेव्हा जवळपास दिवा नसावा.

तिसरी पायरी पीसीआरची. तीनशे कोटी अक्षरांच्या ग्रंथातून आपणांस हवी असलेली एक-दोन पानेच वाचावयाची असतात, आणि तीही इतकी सूक्ष्म की त्यांच्या पुष्कळ प्रती काढल्यावाचून ती वाचता येत नाहीत. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी मलिस याने १९८३ साली शोधलेल्या युक्तीने हे साधते. नळी सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की डीएनएची शिडी मधोमध उभी फाटून दोन पट्ट्या सुट्या होतात. ती ५५ ते ६० अंशांच्या आसपास निवविली की हव्या त्या पानाच्या आरंभी व अखेरीस खुणेचे छोटे तुकडे चिकटतात. मग ७२ अंशांवर एक विकर प्रत्येक पट्टीसमोर नवी पट्टी रचते. एवढ्या उष्णतेत टिकणारे हे विकर मूळ उन्हाळ्यातील, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातील, एका जिवाणूपासून मिळाले. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात धान्याचे दाणे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट आपण ऐकली असेल. येथे तोच हिशेब. एकाची तीस वेळा दुप्पट केली तर संख्या १०७ कोटींवर जाते, आणि हे सारे दोन-तीन तासांत!

पण याच सामर्थ्यात धोका आहे. हवेतून अथवा हातमोज्यावरून दुसऱ्या कोणाचा डीएनए नळीत पडला तर त्याच्याही कोट्यवधी प्रती निघतील. म्हणून प्रती काढण्यापूर्वीचे काम एका खोलीत व नंतरचे दुसऱ्या खोलीत चालते. एका खोलीतील अंगरखा दुसरीत नेत नाहीत. शिवाय प्रत्येक खेपेस एका नळीत रुग्णाच्या डीएनएऐवजी केवळ शुद्ध पाणी घालतात. त्या नळीत काहीही उमटता कामा नये. उमटले, तर त्या दिवसाची सर्व मेहनत टाकून देऊन पहिल्यापासून आरंभ करावयाचा! मी गेले त्या दिवशी ही पाण्याची नळी कोरी निघाली, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते मला शाळेत तिच्या निकालाच्या दिवशीही दिसले नव्हते.

चौथी पायरी प्रत्यक्ष वाचनाची. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर याने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीवर आधारलेले यंत्र चार अक्षरांना चार रंग देते व संगणकाच्या पडद्यावर रंगीत शिखरांची रांग उमटते. एक शिखर म्हणजे एक अक्षर. शेतातून वाऱ्यावर डोलणाऱ्या कणसांसारखी ती रांग दिसते. माझी विद्यार्थिनी एका ठिकाणी थांबली व म्हणाली, “येथे पाहा.” त्या जागी एकावर एक अशी दोन रंगांची दोन शिखरे होती. एका माळेत जी व दुसरीत सी. “ही व्यक्ती वाहक आहे. तिला आजार नाही. पण तिचा जोडीदारही वाहक असेल तर त्यांना हे आधी कळलेले बरे.” ती शिखरे पाहताना मला आपल्या नववीच्या वर्गाची आठवण झाली. एका आईचे मुके बसणे आणि एका आजीचा आरोप, दोहोंचे उत्तर त्या दोन रंगांत होते.

असे असले तरी एकटीच्या वाचनावर अहवाल जात नाही. दुसरा शास्त्रज्ञ तीच शिखरे स्वतंत्रपणे वाचतो. दोघांचे जुळले म्हणजे वरिष्ठ वैद्य सही करतात. काही वेळा असा बदल सापडतो की, तो घातक की निरुपद्रवी हे आजच्या ज्ञानाने ठरविता येत नाही. तेव्हा तसेच स्पष्ट लिहावे लागते. ‘ठाऊक नाही’ असे लिहिण्यासही धैर्य लागते. आम्हां शिक्षकांनीही ते शिकण्यासारखे आहे.

आता गणिताची एक बाब. दोन वाहक आईवडिलांच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन व पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. यावरून ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तिन्ही सुखरूप’ असा समज कित्येक करून घेतात. तो चुकीचा आहे. नाणे एकदा छापा पडले म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असे नाही; त्याला मागची आठवण नसते. प्रत्येक खेपेस फासे नव्याने पडतात. अशा जोडप्यांसाठी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस वारेचा सूक्ष्म अंश घेऊन गर्भाची तपासणी करता येते व पुढचा निर्णय वैद्यांच्या सल्ल्याने ते कुटुंब घेते. याच विद्येचा दुरुपयोग करून मुलीचा गर्भ नको म्हणणारेही निघाले. महाराष्ट्राने १९८८ साली व पुढे सबंध देशाने १९९४ साली कायदा करून गर्भलिंग सांगण्यास बंदी केली. आज गर्भाची जनुकीय तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेस या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. शस्त्र तेच, ते कोणाच्या हाती व कशासाठी, यावर सारे अवलंबून.

आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत अनेक घराण्यांत आहे. नात्यातील वधूवरांचे आजीआजोबा एकच असल्यामुळे तीच सदोष माळ दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. नात्याबाहेर विवाह केला म्हणजे भय संपले, असेही नव्हे. कारण देशात शेकडा तीन ते चार माणसे थॅलेसेमियाची वाहक आहेत असा अंदाज आहे. ती कोणत्याही जातीधर्मात असू शकतात. उपाय सोपा आहे. रक्तातील पेशींची साधी मोजणी व हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी यांवरून बहुतेक वाहक ओळखता येतात. डीएनएपर्यंत जाण्याची गरज त्यानंतर पडते. आपण पत्रिका पाहतो, गोत्र पाहतो, घरदार पाहतो. त्यांच्या शेजारी रक्ताच्या तपासणीचा एक कागद ठेवावयास काय हरकत आहे? मात्र तो कागद पाहून मुलीला किंवा मुलाला नाकारण्याची नवी रूढी निर्माण झाली, तर शास्त्र जिंकले व माणुसकी हरली असे म्हणावे लागेल. वाहक असणे हा रोग नव्हे, दोष नव्हे आणि अपराध तर मुळीच नव्हे.

हे काम आपणही करू शकू काय, असे कोणाच्या मनात आले असेल, तर त्याला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. बारावीस जीवशास्त्र व रसायनशास्त्र घ्यावे. पुढे जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अथवा जीवरसायनशास्त्र यांपैकी एकात पदवी व पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि नंतर चांगल्या प्रयोगशाळेत उमेदवारी करावी. माझी विद्यार्थिनी मराठी माध्यमातूनच शिकली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी इंग्रजी संज्ञा तिला जड गेल्या; तिने एका वहीत त्या मराठी अर्थासह लिहून काढल्या व वर्षभरात ती अडचण नाहीशी झाली. एका थेंबाचा शंभरावा हिस्सा मोजून घेणारा स्थिर हात, तेच काम शंभराव्या वेळीही पहिल्यासारखेच जपून करणारे मन, आणि नळीवरच्या क्रमांकामागे एक घर आहे याचे भान, या तीन गोष्टी बुद्धीपेक्षाही अधिक लागतात, असे ती म्हणाली.

जून महिन्यात शाळा उघडल्यावर मी त्या वर्गात गेले व फळ्यावर पुठ्ठ्यांच्या दोन माळा काढून सर्व समजावून सांगितले. कित्येकांच्या घरी माग असल्यामुळे त्यांना ते माझ्यापेक्षाही लवकर कळले. काही दिवसांनी त्या मुलीची आजी नातवाच्या तपासणीचे कागद घेऊन शाळेत आली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हते. “बाई, ह्यात माझ्या मुलाचंही नाव आहे का?” तिने विचारले. मी म्हटले, “आहे, आजी. दोघांचीही नावे आहेत, दोघांपुढेही तेच लिहिले आहे.” तिने कागद घडी करून पिशवीत ठेवले. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग उठताना म्हणाली, “म्हणजे ते आमच्याकडूनही आलं. सुनेला सांगायला पाहिजे.”